सयामी मांजराची ओळख: रंगापलीकडे जाऊन जात कशी पारखावी

महाराष्ट्रातल्या शहरांत 'जातिवंत मांजर' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लांब केसांचे, चपट्या नाकाचे पर्शियन मांजर उभे राहते. सयामीचे नाव त्यामानाने कमी ऐकू येते, आणि येते तेव्हा ते पुष्कळदा भलत्याच मांजराला चिकटवलेले असते. तोंड, कान व शेपटी गडद, अंग फिकट आणि डोळे निळे, एवढ्या खुणा जुळल्या की विकणारा त्या पिल्लाला सयामी म्हणतो आणि घेणारा ते निमूटपणे मान्य करतो. वस्तुतः या साऱ्या खुणा एकाच जनुकामुळे उमटतात, आणि ते जनुक अनेक जातींत, इतकेच नव्हे तर आपल्या गल्लीतल्या मांजरांतही सापडू शकते. सयामीची खरी ओळख करून घ्यायची तर वंश, अंगकाठी आणि स्वभाव या तिन्हींची पारख करावी लागते. त्यातही स्वभावाची पारख आधी करावी असे माझे ठाम मत आहे, कारण रंग पाहून आणलेले मांजर पुढची बारा-पंधरा वर्षे सांभाळावे लागते ते त्याच्या स्वभावासकट.

पहिली पायरी: मूळ समजून घ्यावे

सयाम म्हणजे आजचे थायलंड. तेथे मांजरांची शुभाशुभ लक्षणे पद्यात सांगणाऱ्या सचित्र हस्तलिखितांची परंपरा आहे. त्यांना 'तम्रा मेओ' म्हणतात. ही परंपरा अयुथ्थया राजवटीपर्यंत (१३५१ ते १७६७) मागे नेली जाते, मात्र आज उपलब्ध असलेल्या प्रती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. त्यांत शुभ मांजरांचे सतरा आणि अशुभ मांजरांचे सहा प्रकार वर्णिलेले आहेत. शुभ मांजरांपैकी 'विचियन मात' म्हणजेच आपण ज्याला सयामी म्हणतो ते मांजर: अंग पांढरट आणि तोंड, शेपटी, दोन कान व चार पाय अशी आठ ठिकाणे काळी. याच हस्तलिखितांत रुपेरी छटेचे निळसर राखाडी 'सी सवात', म्हणजे आजचे कोरात, आणि तांबूस तपकिरी 'सुफालक' हीसुद्धा मांजरे आहेत. सयाममध्ये अनेक रंगांची मांजरे मानाने नांदत होती. त्यांतल्या एका रंगरूपाला युरोप-अमेरिकेने देशाचे नाव दिले, एवढेच.

पाश्चात्त्य देशांत हे मांजर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली हॅरिसन वीअर यांनी भरवलेल्या मांजरांच्या प्रदर्शनात सयामी मांजरे होती आणि ती सगळ्यांनाच आवडली असे नव्हे. गुबगुबीत मांजरांची सवय असलेल्या डोळ्यांना ती विचित्र वाटली. बँकॉकमधील अमेरिकी वाणिज्यदूत डेव्हिड सिकल्स यांनी १८७८ साली राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेझ यांच्या पत्नी लूसी यांना एक सयामी मांजर भेट म्हणून पाठवले. ते १८७९ च्या आरंभी पोहोचले आणि त्याच वर्षी आजारी पडून मेले. पुढे १८८४ च्या सुमारास ब्रिटिश वकिलातीतील गूल्ड यांनी फो आणि मिया नावाची जोडी इंग्लंडला नेली, आणि तिच्यापासून झालेली पिल्ले प्रदर्शनात झळकली. ब्रिटनमध्ये सयामी मांजरांचा स्वतंत्र क्लब १९०१ साली स्थापन झाला.

हा इतिहास जातीच्या गुणदोषांशी थेट जोडलेला आहे. परदेशात पोहोचलेली मूळ मांजरे संख्येने थोडी होती आणि पुढची पैदास बऱ्याच अंशी त्यांच्यातूनच झाली. नात्यातल्या नात्यात संबंध आले की लपलेले दोष वर येतात, आणि सयामीतल्या काही आनुवंशिक दुखण्यांचा विचार करताना हे लक्षात ठेवावे लागते. राजवाड्यातल्या पवित्र मांजरांच्या, किंवा राजकन्येच्या अंगठ्या शेपटीवर सांभाळता सांभाळता शेपटीला बाक आल्याच्या कथा मात्र ऐकाव्यात आणि सोडून द्याव्यात. त्या कथा पिल्लाची किंमत वाढवतात, माहिती वाढवत नाहीत.

दुसरी पायरी: जुने सयामी आणि नवे सयामी वेगळे ओळखावे

एकाच नावाखाली आज दोन बरीच वेगळी दिसणारी मांजरे आहेत, आणि हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या मांजरालाही लोक नकली ठरवतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रदर्शनांतल्या परीक्षकांची पसंती उत्तरोत्तर सडपातळ मांजराकडे झुकत गेली आणि पैदास करणाऱ्यांनीही त्याच दिशेने निवड केली. त्यातून आजचे प्रदर्शनी सयामी घडले. त्याचे डोके लांब पाचरीसारखे निमुळते असते. नाकाच्या टोकापासून दोन्ही कानांच्या टोकांपर्यंत रेघा ओढल्या तर सरळ त्रिकोण दिसतो. कान फार मोठे आणि बाजूला पसरलेले, नाक सरळ, मान लांब, धड नळीसारखे, पाय बारीक आणि शेपटी चाबकासारखी निमुळती. हात लावला की हाडे नाजूक पण स्नायू घट्ट लागतात. असे मांजर प्रथमच पाहणारा 'हे उपाशी आहे का?' असे विचारतो. ते उपाशी नसते.

जुन्या धाटणीचे सयामी याहून मध्यम बांध्याचे असते. गाल काहीसे गोलसर, कान प्रमाणात, अंग लवचीक पण भरलेले. अशी मांजरे जपणाऱ्या मंडळींनी त्यांना स्वतंत्र मान्यता मिळवून दिली. जागतिक मांजर महासंघाने, म्हणजे डब्ल्यूसीएफने, १९९० साली त्यांना 'थाई' या नावाने स्वीकारले आणि अमेरिकेतल्या 'टिका' या संस्थेनेही पुढे त्यांना जागा दिली. बोलताना लोक 'ट्रॅडिशनल' किंवा 'ॲपलहेड' असेही म्हणतात. घरी पाळण्यासाठी विचाराल तर माझा कल जुन्या धाटणीकडे आहे. अतिरेकी निवडीतून घडलेल्या कोणत्याही शरीराबद्दल मला थोडी धास्तीच वाटते. पण हा आवडीचा भाग झाला. दोन्ही सयामीच आहेत. आपल्यासमोरचे पिल्लू कोणत्या घराण्यातले आहे हे विचारून घ्यावे आणि त्याचे आईवडीलही त्याच धाटणीचे आहेत का ते पाहावे.

तिसरी पायरी: रंग कसा उमटतो ते समजून घ्यावे

सयामीच्या केसांत रंग तयार करणारे विकर (एन्झाइम) सदोष असते आणि ते उष्णतेने निकामी होते. शरीराचा गाभा उबदार असतो, म्हणून तेथे रंग जवळजवळ तयारच होत नाही. कान, नाक, पंजे आणि शेपटी ही टोके तुलनेने थंड असतात, म्हणून तेथे तो पुरता उमटतो. या गडद भागांनाच मांजरवाले 'पॉइंट' म्हणतात. डोळ्यांचा निळेपणाही रंगद्रव्याच्या अभावातून येतो, आणि म्हणूनच रात्री फ्लॅश मारून फोटो काढला तर सयामीचे डोळे हिरवट न चमकता लाल चमकतात.

यातून पारख करणाऱ्याला उपयोगी पडतील अशा कितीतरी गोष्टी निघतात. आईच्या पोटात सर्वत्र सारखीच ऊब असल्यामुळे सयामी पिल्ले जन्मतः जवळजवळ पांढरी असतात. 'कालच झाली, पाहा कशी काळ्या कानांची आहेत' असे कोणी म्हणत असेल तर त्याच्या पिल्लांचे वय किंवा जात, दोन्हींपैकी एक खोटे आहे. पॉइंट पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत हळूहळू दिसू लागतात. गडद रंग लवकर आणि फिके रंग उशिरा. वयाबरोबर अंगही गडद होत जाते, त्यामुळे आठ-नऊ वर्षांचे सयामी मलईच्या रंगाचे नसून खाकी किंवा तपकिरी छटेचे दिसले तर त्यात वावगे काही नाही. थंड हवेत वाढणाऱ्या मांजराचे अंग अधिक गडद होते. मुंबईच्या दमट उष्म्यात राहणारे आणि महाबळेश्वरच्या गारव्यात राहणारे अशी दोन सख्खी भावंडे काही वर्षांनी शेजारी ठेवली तर अंगाच्या रंगात फरक दिसावा.

पॉइंटचे चार मूळ रंग मानले जातात. सील म्हणजे जवळजवळ काळा वाटणारा गडद तपकिरी. याचे नाक आणि तळपायाच्या गाद्याही तशाच गडद असतात. चॉकलेटमध्ये तपकिरी उबदार आणि फिका असतो, गाद्या गुलाबीकडे झुकतात. ब्लू म्हणजे पाटीसारखा निळसर करडा. लायलॅक हा सर्वांत फिका, गुलाबी छटेचा करडा. मांजरांच्या जातींची नोंदणी करणारी अमेरिकेतली सीएफए ही जुनी संस्था (स्थापना १९०६) फक्त या चार रंगांनाच सयामी म्हणते आणि लाल, मलई किंवा पट्टेरी पॉइंटच्या मांजरांना वेगळ्या नावाखाली नोंदवते. ब्रिटनची जीसीसीएफ (स्थापना १९१०) मात्र त्या रंगांनाही सयामीतच धरते. म्हणून पट्टेरी पॉइंटचे पिल्लू दाखवणारा खोटेच बोलतो आहे असे लगेच ठरवू नये; नोंदणी कोणत्या संस्थेची आहे ते विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हे जनुक अप्रभावी आहे, म्हणजे पिल्लात पॉइंट दिसण्यासाठी ते आई आणि वडील दोघांकडूनही यावे लागते. केवळ एकाकडून आले तर पिल्लू दिसायला साधे असते, पण जनुक पुढे वाहून नेते. अशा दोन वाहक मांजरांचा संबंध आला तर सरासरी चारात एक पिल्लू पॉइंटचे निघते. १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये सयामी आणि पर्शियन यांच्या संकरातून लांब केसांची पॉइंटची मांजरे तयार करण्याचे प्रयोग झाले आणि त्यातून पुढे हिमालयन हा प्रकार घडला. अशा पर्शियन-हिमालयन वंशातला बोका गल्लीतल्या मांजरीला लागला की पहिल्या पिढीत सगळी पिल्ले आखूड केसांची आणि साधी दिसतात. त्याच वंशातली मांजरे पुन्हा एकत्र आली की आखूड केसांचे, निळ्या डोळ्यांचे, काळ्या तोंडाचे पिल्लू अवतरते आणि 'सयामी' म्हणून विकले जाते. ते पिल्लू गोड असते, पाळण्याजोगे असते, त्याला घर मिळायलाच हवे. पण ते सयामी नव्हे आणि त्यासाठी सयामीची किंमत मोजण्याचे कारण नाही.

चौथी पायरी: स्वभावाशी आपली घडी जुळते का ते पाहावे

सयामी बोलते, आणि ते आर्जवी म्याव नसते. आवाज खर्जातला, घोगरा आणि लांबवलेला असतो; अनेकांना तो तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा वाटतो. दार बंद दिसले, जेवायला पाच मिनिटे उशीर झाला, आपण फोनवर बोलत बसलो, शेजारच्या खिडकीवर कबुतर बसले, या प्रत्येकावर त्याचे काही ना काही म्हणणे असते, आणि आपण उत्तर दिले तर ते पुढे चालू राहते. त्याच्यावर ओरडले तरी ते गप्प बसत नाही. सोसायटीच्या पातळ भिंतींच्या घरात, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाजवळ, किंवा ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेच्या घरात हे कितपत निभेल याचा विचार आधीच करावा.

दुसरी गोष्ट सोबतीची. 'मांजराचे काय, त्याला माणूस लागत नाही' हा आपल्याकडचा समज सयामीच्या बाबतीत पूर्णपणे चुकीचा ठरतो. ते माणसाच्या मागे खोलीखोलीतून फिरते, पांघरुणात शिरते, खांद्यावर चढते, आणि घरातल्या एका माणसाशी त्याची विशेष गट्टी जमते. दिवसाचे दहा-अकरा तास रिकाम्या घरात एकटे राहिलेले सयामी कंटाळते, आणि त्या कंटाळ्याचे पर्यवसान अखंड ओरडण्यात, वस्तू पाडण्यात किंवा स्वतःचे केस चाटून चाटून टक्कल पाडण्यात होते. घरात सगळेच नोकरीला जाणारे असतील तर एक सयामी आणू नये. एकमेकांशी जुळलेली दोन भावंडे आणावीत, नाहीतर दुसऱ्या जातीचा विचार करावा.

तिसरी गोष्ट बुद्धीची. फेकलेला कागदाचा बोळा परत आणून देणे, हार्नेस घालून फिरायला जाणे, दाराची मूठ खाली ओढणे, ड्रॉवर उघडणे हे सयामी सहज शिकते. त्यामुळे मिठाईचा डबा ओट्यावर ठेवून झाकण लावले की काम झाले, असे समजू नये. दिवसातून दोनदा तरी पंधरा-वीस मिनिटे पिसांची काठी किंवा चेंडू घेऊन त्याच्याशी खेळावे लागते, आणि हा वेळ घरातले नेमके कोण देणार हे आणण्यापूर्वी ठरलेले असावे.

काही सयामी मांजरांना लोकरीचे किंवा कापडाचे चोखणे-चावणे जडते. स्वेटर, टॉवेल, गोधडीचा कोपरा यांपासून सुरुवात होते, आणि मांजर नुसते चोखून थांबते तोवर ठीक. कापड गिळू लागले तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. पिल्लाच्या आईला किंवा भावंडांना ही सवय आहे का, हे पैदास करणाऱ्याला थेट विचारावे.

ज्यांच्या घरी सयामी आहे अशा कोणाकडे संध्याकाळच्या वेळी निदान दोन तास बसून यावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. दुपारी मांजर झोपलेले असते आणि झोपलेले प्रत्येक मांजर शहाणे दिसते.

पाचवी पायरी: वंशावळीचा कागद वाचायला शिकावे

वंशावळ म्हणजे रंगीत छापलेले कोणतेही प्रमाणपत्र नव्हे. तिच्यावर नोंदणी करणाऱ्या संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, लिंग, जात, रंग, मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक आणि किमान तीन पिढ्यांचे पूर्वज असतात. मांजराच्या नावात कॅटरीचे, म्हणजे पैदास करणाऱ्या केंद्राचे, नाव गुंफलेले असते. युरोपीय पद्धतीच्या कागदावर जात आणि रंग संक्षिप्त खुणांनी लिहिलेले असतात आणि या खुणाच पुष्कळदा खरे बोलतात. सयामीसाठी 'एसआयए', थाईसाठी 'टीएचए' आणि पर्शियनसाठी 'पीईआर' ही रोमन अक्षरे येतात; पुढे सीलसाठी 'एन', ब्लूसाठी 'ए', चॉकलेटसाठी 'बी' आणि लायलॅकसाठी 'सी'. पॉइंटच्या खुणेचा आकडा ३३ आहे. 'पीईआर एन ३३' असे लिहिलेला कागद दाखवून कोणी सयामी म्हणत असेल तर तो कागद सील पॉइंटच्या पर्शियनचा आहे.

मग पूर्वजांचे रकाने पाहावेत. वडिलांकडची बाजू सहसा वर आणि आईकडची खाली असते. एकच नाव दोन्ही बाजूंना दिसले तर जवळच्या नात्यातला संबंध झालेला आहे. पणजोबांच्या रांगेत एकदा पुनरावृत्ती असणे आणि आजोबा दोन्हीकडून एकच असणे यांत मोठा फरक आहे, आणि दुसऱ्या प्रकारात मी ते पिल्लू घेणार नाही. पूर्वजांचे रकाने कोरे असतील तर मांजराची नोंद केवळ परीक्षकाने त्याचे बाह्यरूप पाहून केलेली असू शकते. अशी नोंद बेकायदा नसते, पण तिच्यावरून वंश सिद्ध होत नाही. संस्थेशी संपर्क साधून नोंदणी क्रमांक खरा आहे याची खातरजमा करावी; प्रामाणिक ब्रीडरला याचा राग येत नाही.

परदेशातून मांजर मागवण्याचा विचार असेल तर पैसे पाठवण्यापूर्वी प्राणी संगरोध व प्रमाणन सेवेच्या कार्यालयाकडून सध्याचे नियम समजून घ्यावेत. 'पिल्लू विमानतळावर अडकले आहे, आणखी पैसे पाठवा' हा फसवणुकीचा प्रकार सर्रास चालतो.

सहावी पायरी: पिल्लू आईजवळ पाहावे

पिल्लू नेहमी त्याच्या जन्मघरी, आई आणि भावंडांसह पाहावे. रेल्वे स्थानकाबाहेर किंवा पेट्रोल पंपावर बास्केटमधून 'डिलिव्हरी' देणाऱ्याकडून घेऊ नये. जीसीसीएफच्या नियमावलीत पिल्लू तेरा आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ ठेवावे असे सांगितले आहे, आणि सयामीच्या बाबतीत हा नियम अक्षरशः पाळावा असे मी म्हणेन. पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू हातात घ्यायला मजा येते, परंतु चावण्याचा जोर किती असावा, भावंडांशी कसे वागावे आणि रेतीचे भांडे कसे वापरावे हे ते आईजवळच शिकते.

खोलीत शिरल्यावर आधी वास घ्यावा. लघवीचा उग्र दर्प असेल तर बाकी काही पाहण्याची गरज नाही. मग जमिनीवर बसावे आणि पिल्लाला आपणहून जवळ येऊ द्यावे. सुदृढ सयामी पिल्लू फार वेळ लपून राहत नाही. थोड्याच वेळात ते चपलेचा बंद किंवा पर्सची चेन तपासायला येते. आल्यावर त्याला मांडीवर घेऊन क्रमाने पाहावे. डोळ्यांत चिपडे किंवा पाणी नसावे. नाक कोरडे-स्वच्छ, श्वास निःशब्द असावा. कानाच्या आत कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ दिसला तर कानातल्या किडीची शंका घ्यावी. हिरड्या गुलाबी असाव्यात. फिकट पांढऱ्या हिरड्या म्हणजे जंत, पिसवा किंवा आजार. बाकी अंग बारीक आणि पोट मात्र फुगलेले असेल तर तेही जंतांचेच लक्षण.

शेपटीच्या मुळाशी अंगठा आणि तर्जनी ठेवून टोकापर्यंत हलक्या हाताने बोटे सरकवत न्यावीत. मध्ये गाठ किंवा बाक लागला तर तो जुना सयामी दोष आहे. सुरुवातीच्या काळात असा बाक आणि डोळ्यांतला तिरळेपणा सर्रास दिसे. तिरळेपणाचे मूळ त्याच रंगाच्या जनुकात आहे: डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू चुकीच्या बाजूला पोहोचतात आणि मांजर त्याची भरपाई डोळे आत वळवून करते. प्रदर्शनांच्या नियमांत दोन्ही दोष ठरल्यामुळे पैदास करणाऱ्यांनी ते बरेच कमी केले. पाळण्यासाठी घेतलेल्या पिल्लात थोडा बाक किंवा किंचित तिरळेपणा असला तर त्याच्या सुखात काही उणे पडत नाही. किंमत मात्र त्याप्रमाणे सांगितली जावी.

सातवी पायरी: आरोग्याचे प्रश्न नेमके विचारावेत

'आईवडील निरोगी आहेत ना?' या प्रश्नाला 'हो' यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी डोळ्यांच्या पडद्याच्या आनुवंशिक झिजेची डीएनए चाचणी झाली आहे का, हे विचारावे. सयामी आणि तिच्याशी संबंधित जातींत या झिजेचा एक प्रकार आढळतो. पिल्लू जन्मतः नीट पाहते, दीड-दोन वर्षांच्या सुमारास पडद्यात बदल दिसू लागतात आणि पुढच्या काही वर्षांत दृष्टी जाते. हा दोषही अप्रभावी आहे, त्यामुळे दोघांपैकी एक जरी पूर्णपणे दोषमुक्त असला तरी पिल्ले आंधळी होत नाहीत. चाचणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस येथील पशुवैद्यकीय जनुक प्रयोगशाळा अशा चाचण्या करणाऱ्यांपैकी एक आहे.

दमा या जातीत तुलनेने अधिक दिसतो. मांजर मान पुढे काढून, जमिनीलगत दबून खोकत असेल आणि केसांचा गोळा काही बाहेर पडत नसेल तर व्हिडिओ काढून पशुवैद्यांना दाखवावा, आणि घरात उदबत्ती, धूप व डासांची कॉइल बंद करावी. यकृतात विशिष्ट प्रथिन साठत जाण्याचा आजार, छातीतल्या लसीका ग्रंथींचा कर्करोग आणि हिरड्यांचे विकार यांकडेही सयामीत लक्ष ठेवावे लागते. एक गोष्ट सोयीची आहे: बहुतेक सर्व सयामी मांजरांचा रक्तगट 'ए' असतो, त्यामुळे रक्त द्यायची वेळ आलीच तर दाता मिळणे तुलनेने सोपे जाते, तरी रक्त चढवण्यापूर्वी तपासणी करावीच. मांजरातल्या ल्युकेमिया आणि एड्ससदृश विषाणूंची तपासणी झालेली असावी, विशेषतः घरात आधीचे मांजर असेल तर.

आठवी पायरी: घर तयार करावे

फ्लॅटच्या प्रत्येक खिडकीला आणि बाल्कनीला घट्ट जाळी बसल्याशिवाय सयामी घरात आणू नये. कबुतरांसाठी लावतात ती सैल नायलॉनची जाळी पुरेशी नसते. ती कुरतडली जाते आणि कोपऱ्यातून ताणली जाते. घरात चढायला उंच जागा असावी. पुस्तकांच्या कपाटाचा माथा रिकामा करून दिला तरी चालतो. काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेला, मांजर पूर्ण ताणून उभे राहील इतका उंच आणि न डगमगणारा खांब दिला तर सोफा वाचण्याची आशा असते. रेतीची भांडी मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक ठेवावीत आणि ती खाण्याच्या जागेपासून दूर असावीत.

सयामीचा कोट आखूड आणि दाट अस्तर नसलेला असल्यामुळे आपल्या हवामानात ते पर्शियनपेक्षा सुखी असते. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश किंवा ओलसर हात फिरवला की काम भागते. त्याला थंडी मात्र लवकर वाजते. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारी गार फरशीची, पंख्याची किंवा कूलरची खोली आणि दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर तो धोक्याचा इशारा समजावा.

खाण्याच्या बाबतीत दूध-पोळीची परंपरा सोडून द्यावी. मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचे द्रव्य त्याला मांसातून मिळावे लागते आणि ते न मिळाल्यास हृदय व डोळे बिघडतात. शाकाहारी घरांनी हे आधीच पक्के करावे: मांजरासाठी मांस असलेले संपूर्ण खाद्य विकत आणण्याची तयारी नसेल तर मांजर पाळू नये. कांदा-लसूण असलेला रस्सा, लिलीची फुले आणि माणसांसाठीचे पॅरासिटामॉल मांजराला विषारी आहेत. पावसाळ्यात पिसवा वाढल्या की कुत्र्यासाठी आणलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजराच्या अंगावर टाकण्याची चूक होते. ती जिवावर बेतू शकते.

नववी पायरी: लस आणि नसबंदी वेळेवर करावी

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर तिहेरी लस सुरू होते आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस दिले जातात; रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. तिहेरी लसीतला पॅनल्यूकोपेनियाविरुद्धचा भाग विशेष महत्त्वाचा, कारण हा आजार दोन-तीन दिवसांत पिल्लू नेतो आणि त्याचे विषाणू बुटाच्या तळव्याबरोबर घरात येऊ शकतात. मांजर बाहेर जात नाही म्हणून लस टाळू नये. आपल्या महापालिकेत मांजराची नोंदणी सक्तीची आहे का, हेही याच वेळी विचारून घ्यावे.

सयामी मांजरी लवकर वयात येते. पाचव्या महिन्यात, क्वचित त्याआधीही माजावर येते, आणि त्या दिवसांत तिचा आवाज सबंध मजला ऐकतो. नसबंदी सहाव्या महिन्यापर्यंत लांबवण्याचे कारण नाही. चार-पाच महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यांशी बोलून तारीख ठरवावी. शस्त्रक्रियेसाठी कातरलेल्या जागी काही आठवड्यांनी गडद केसांचा चौकोन उगवलेला दिसेल. तो संसर्ग नाही, भाजणेही नाही: केस नसताना ती कातडी थंड पडली आणि त्या थंडीत उगवलेल्या केसांत रंग भरला. त्याला मलम लावू नये; पुढच्या वेळी केस गळून नवे आले की तो डाग बहुधा आपोआप फिका होतो.